डावी बाजू : पूर्ण बंद

शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये चहाच्या रांगेत चुंबक माझ्या मागे उभे होते, आणि त्यांनी सहज म्हणून एक वाक्य बोलून टाकलं. चुंबक म्हणजे आमच्या इस्पितळातले एमआरआय वाचणारे डॉक्टर. गोल, हसरा माणूस. दिवसभर त्या मोठ्या यंत्राशेजारच्या अंधाऱ्या खोलीत बसून असतात, म्हणून कुणीतरी कधीतरी हे नाव दिलं आणि ते चिकटलं. मला सगळे मानवाल्या मॅडम म्हणतात, कारण गेली बावीस वर्षं मी लोकांच्या मानेवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतून रक्त कसं वाहतं ते बघते आहे. दोघेही डॉक्टर, पण ज्यांची नावं रुग्णांच्या लक्षात राहत नाहीत अशांपैकी. बोलणं सोमवारच्या शिंप्यावर आलं. "त्याच्या डाव्या बाजूबद्दल मला जरा शंका होती हो," चुंबक म्हणाले. "म्हणजे चित्रात धमनी दिसत नव्हती, पण तेवढ्यावर बंद म्हणायचं म्हणजे... मग पाहिलं तर तुम्ही 'पूर्ण बंद' लिहून मोकळ्या. म्हटलं, संपलं. मानवाल्या मॅडमनी सांगितल्यावर आपण कोण शहाणे?" आणि पुढे वाकून त्यांनी बशीतली दोन बिस्किटं उचलली. मीही हसले. "उगाच चढवू नका," असं काहीतरी म्हणाले. कप घेऊन खिडकीजवळच्या टेबलापर्यंत आले, बसले, पहिला घोट घेतला, आणि मग ते वाक्य मला कळलं. कारण मी 'पूर्ण बंद' लिहिलं होतं ते त्यांचं चित्र आधी पाहून.

सोमवारी काय झालं ते मी चहा तसाच ठेवून एकेक करून आठवू लागले. साठीचा शिंपी, कोट शिवणारा. सकाळी दुकानात कापडावर खडूने रेघ मारताना उजवा हात अचानक परका झाला, खडू पडला, तोंडातून शब्द वेडेवाकडे आले. वीस मिनिटांत सगळं जागेवर. बायको हुशार, तिने तडक इस्पितळात आणलं. असा झटका येऊन गेला की पुढचा मोठा झटका कुठून येऊ शकतो ते शोधायचं असतं. मानेतली डावी धमनी डाव्या मेंदूला रक्त देते आणि डावा मेंदू उजवा हात चालवतो, म्हणून तिकडे आधी बघायचं. त्यासाठी दोन तपासण्या करतात, एक त्यांच्या यंत्रात, एक माझ्या. दोन कशाला? एकीने दुसरीची चूक पकडावी म्हणून. पण आमच्याकडे दोन्हींचा अहवाल संगणकावर एकाच पानावर लिहायचा असतो, वर त्यांची चौकट, खाली माझी, आणि पान उघडलं की दोन्ही दिसतात. सोमवारी मी पान उघडलं तेव्हा त्यांच्या चौकटीत अर्धवट मजकूर होता: डावी आतली धमनी दिसत नाही, सोनोग्राफीशी ताडून बघावे. सोबत चित्र. उजवीकडे धमनीची पांढरी स्वच्छ रेघ कवटीपर्यंत चढत गेलेली, डावीकडे काळोख. तो काळोख डोळ्यांत घेऊनच मी शिंप्याच्या खोलीत गेले. प्रोब ठेवला, पडद्यावर वाहत्या रक्ताचा रंग दिसला नाही, बाहेर आले आणि लिहिलं. मग चुंबकांनी माझी चौकट वाचली, 'ताडून बघावे' पुसलं आणि लिहिलं, पूर्ण बंद, सोनोग्राफीतही तसेच. मी त्यांच्या भरवशावर, ते माझ्या. मध्ये शिंपी.

अर्थात ती खरोखरच बंद असू शकते, असं मी स्वतःला जिन्यावरून उतरताना सांगत होते. दहातल्या नऊ वेळा असतेच. मी खोलीत आले, दार लोटलं, दिवा न लावता सोमवारची साठवलेली चित्रं उघडली. तीन होती. माझ्यासारखीने अशा रुग्णाची निदान पंधरा साठवायला हवीत. पहिल्या चित्राची वेळ अकरा वाजून बारा, शेवटच्या चित्राची अकरा वाजून सोळा. चार मिनिटं. मला आठवेना की मी त्या चार मिनिटांत कसला विचार करत होते. काहीच नसावा, सोमवार होता, बाहेर नऊ जण बसले होते आणि उत्तर मला आधीच ठाऊक होतं. चित्राच्या कोपऱ्यात वेगाच्या पट्टीचा आकडा असतो. नेहमीच्या, जोरात वाहणाऱ्या रक्तासाठी ती पट्टी वर ठेवतात. पण धमनी जवळजवळ मिटली असेल, आतून सुतासारखी धार सरपटत असेल, तर ते रक्त इतकं हळू चालतं की वरच्या पट्टीवर यंत्र त्याला मोजतच नाही. पट्टी खाली आणावी लागते, अगदी खाली, आणि मग हात स्थिर ठेवून वाट बघावी लागते. हे मी स्वतः दर वर्षी नव्या डॉक्टरांना शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते. माझ्या तिन्ही चित्रांत पट्टी वर होती. आणि एमआरआयचंही तेच असतं. औषध न टोचता काढलेल्या चित्रात त्या यंत्राला वाहतं रक्तच पांढरं दिसतं, फार हळू वाहणारं दिसत नाही. म्हणजे दोन्ही यंत्रं एकाच ठिकाणी आंधळी होऊ शकतात, आणि ती तशी होऊ शकतात हे ठाऊक असलेली इमारतीतली दोन माणसं आम्हीच.

मी शिकले ते ज्या बाईंकडे, त्यांच्या वेळी चित्र नव्हतंच. पेनाएवढी एक कांडी, तिला जोडलेले कानाला लावायचे फोन, आणि रक्ताचा आवाज. बाई डोळे मिटून ऐकायच्या. मला म्हणायच्या, "रुग्णाची फाइल बाहेर ठेवून ये. आधी कान, मग कागद." मला तो हेका वाटायचा. एकदा मी फाइल वाचून आत गेले हे त्यांना माझ्या हाताच्या घाईवरूनच कळलं आणि त्यांनी मला रुग्णासमोर बाहेर काढलं होतं. तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पुढे बाई निवृत्त झाल्या, पडदे आले, रंग आले, एक पान आलं, आणि आधी कागद बघणं अंगवळणी पडलं. कोणी लबाडी म्हणून करत नाही. वेळ वाचतो, चूक टळते असंही वाटतं. शिवाय दोघांचं जुळलं की बरं वाटतं, हे खरं कारण. वर्षाच्या शेवटी आमच्या विभागाची आकडेवारी लागते, दोन्ही तपासण्या किती वेळा जुळल्या त्याची. आमचं जुळण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त म्हणून गेल्या वर्षी आम्हा दोघांना टाळ्या मिळाल्या होत्या. चुंबकांनी मला वाकून नमस्कार केला होता, सगळे हसले होते.

मी तशीच अंधारात बसून राहिले आणि, खोटं कशाला सांगू, पहिला विचार शिंप्याचा आला नाही. पहिला विचार आला की हे कुणाला कळणार नाही. बुधवारी तो गोळ्या घेऊन घरी गेला आहे. बंद धमनी उघडायला कोणी जात नाही, कारण तिच्यातून काही निसटून वर जायचा प्रश्नच नसतो. उघडी असेल, अगदी अरुंद असेल, तर मात्र तिच्या भिंतीवरचा कचरा सुटून मेंदूत जाऊ शकतो, आणि ती साफ करता येते, तेही लवकर, पहिल्या दोन आठवड्यांत करावं लागतं. सोमवार ते शुक्रवार, चार दिवस गेले होते. पण सहा आठवड्यांनी त्याची फेरतपासणी होतीच. तेव्हा नीट बघता आलं असतं. काही निघालं तर तेव्हाचं तेव्हा. नाही निघालं तर मी आत्ता उगाच राईचा पर्वत करून स्वतःचं हसं करून घेतलं असतं; बावीस वर्षांत एकदाही रुग्णाला 'चुकलं, परत या' असा फोन केलेला नाही. मी डाव्या हाताची बोटं स्वतःच्या मानेवर ठेवली. ही माझी जुनी खोड. बैठकीत, बसमध्ये, नवऱ्याशी भांडण झाल्यावर मी माझी धमनी चाचपते. ती ठोके देत असते. लोकांना वाटतं मी विचारात पडले आहे. त्या दिवशी ठोके भराभर पडत होते, आणि मला माझी लाज वाटली, पण लाज वाटूनही मी फोन उचलला नाही. पंधरा मिनिटं तरी नाही.

त्या पंधरा मिनिटांत मला अण्णा आठवत राहिले. मी सव्वीस वर्षांची होते, नुकती डॉक्टर झालेली, तेव्हा अण्णांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दादा आणि मी आळीपाळीने जवळ बसायचो. तिसऱ्या दिवसापासून इस्पितळातल्या पलंगाच्या पायथ्याच्या तक्त्यावर लिहिलेलं असायचं, नातेवाइकांना ओळखत नाही. मी तो तक्ता वाचला आणि मान्य केला. डॉक्टर होते ना मी! अण्णा आमच्याकडे बघायचे आणि नजर आमच्यावरून घसरून भिंतीवर जायची. आई त्यांचा हात धरून म्हणायची, "अहो, मी आहे मी," आणि ते त्या आवाजाच्या दिशेला तोंड करायचे, पण डोळे कुठेतरी दुसरीकडे. दादा बाहेर येऊन रडायचा. मी त्याला मेंदूतले भाग समजावून सांगायचे, ओळख कुठे असते, ती कशी जाते. नवव्या दिवशी फरशी पुसायला येणाऱ्या मावशी पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "बाबांना चष्मा नाही का? नाकावर खड्डे पडलेत चष्म्याचे." चष्मा दादाच्या गाडीत होता, पहिल्या दिवशी काढून ठेवलेला. जाड भिंगांचा, तो नसला की त्यांना समोरचं माणूस म्हणजे नुसता डाग. दादाला वाटलं होतं मी विचारलं असेल, लावून चालणार नसेल म्हणून नसेल लावत. मला वाटलं होतं दादाने घरी नेला आणि डॉक्टरांनी नको म्हटलं असेल. आईला वाटलं होतं, मुलं बघतायत. आणि डॉक्टरांना वाटलं होतं, घरचे म्हणतायत ओळखत नाहीत, तर नाहीत. चष्मा लावला तेव्हा अण्णांनी आईकडे पाहिलं, मग दादाकडे, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या एकाच डोळ्यातून पाणी आलं. पुढे ते दीड वर्ष जगले. बोलले नाहीत. त्या नऊ दिवसांबद्दल त्यांना काय वाटत होतं ते मला कधीच कळलं नाही, आणि दादा आणि मी त्याविषयी आजतागायत एक अक्षर बोललेलो नाही. भाऊबीज साजरी करणाऱ्यांतले आम्ही नव्हतोच, पण त्यानंतर एकमेकांच्या डोळ्यांतही नीट बघायचं टाळायचो.

सव्वादोनला मी फोन लावला. शिंप्याच्या बायकोने उचलला. मी नाव न सांगता विभाग सांगितला, म्हटलं, "काकांची मानेची तपासणी परत एकदा करायची आहे. आज जमेल का?" काकू म्हणाल्या, "कालचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "काल काय झालं?" "हात गेला होता ना परत. संध्याकाळी. दहा मिनिटं. चमचा धरता येईना. मग आला परत." मी विचारलं, लगेच इस्पितळात का नाही आणलंत? विचारायला नको होतं, पण विचारलं. काकू अगदी साधेपणाने म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना, नस बंद झाली, आता तिथे करण्यासारखं काही नाही. मग म्हटलं उगाच कशाला धावपळ." आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "काकू, आत्ता निघा. काही आवरू नका, टॅक्सी करा आणि सरळ माझ्याकडे या. फाइलबिइल राहू दे." त्या म्हणाल्या, "जेवतायत हो ते." मी म्हटलं, "ताटावरून उठवा."

ते येईपर्यंतचा पाऊण तास मी खोलीत फेऱ्या मारत काढला. ती खोली मला डोळे मिटून ठाऊक आहे: भिंतीकडे पलंग, त्यावर कागदाची गुंडाळी, यंत्र, उंच फिरतं स्टूल, जेलच्या बाटल्या गरम पाण्याच्या भांड्यात उलट्या ठेवलेल्या, कारण गार जेल मानेला लागलं की माणूस दचकतो आणि धमनीही जराशी आक्रसते. त्या पाऊण तासात मला कशाची आशा होती हे सांगायला जड जातं. एक मन म्हणत होतं, बंदच निघू दे, म्हणजे मी चुकले नाही असं होईल. त्या मनाला म्हाताऱ्याचं काहीच पडलेलं नव्हतं. दुसरं मन म्हणत होतं, उघडी निघू दे, अजून वेळ आहे. मी दुसऱ्या मनाची बाजू घेतली, पण पहिलं माझंच होतं आणि ते गप्प बसलं नाही.

शिंपीकाका आले ते बारीक अंगाचे, ताठ, शर्टाची इस्त्री कडक. येताना त्यांनी माझ्या पांढऱ्या कोटाच्या खांद्याकडे एकदा बघून घेतलं. "खांदा उतरलाय तुमचा," म्हणाले. "तयार घेतलेला दिसतो." काकू म्हणाल्या, "गप बसा हो, इथे काय त्याचं!" मी त्यांना झोपवलं, मान उजवीकडे वळवली. दोन्ही चौकटी असलेलं पान बंद केलं, पडदा माझ्याकडे फिरवला. पट्टी खाली आणली, आणखी खाली, यंत्र खरखरू लागेपर्यंत. प्रोब टेकवला, हलकासा, कारण जोर दिला तर अशी धमनी दाबून आपणच बंद करायचो. खालची मोठी धमनी दिसली, ठोके देणारी. तिला दोन फांद्या फुटतात, एक चेहऱ्याकडे जाते, एक मेंदूकडे. चेहऱ्याकडची रंगली. मी काकांच्या कानशिलावर बोटाने टिचक्या मारल्या आणि पडद्यावर त्या फांदीत टिचक्यांच्या लाटा उमटल्या, म्हणजे ती चेहऱ्याचीच, हिला मेंदूची समजून फसायचं नाही. मग दुसरी. काळी. सोमवारसारखीच काळी. भिंतीला लागून जाड थर, त्याच्या मागे सावली. "काका, गिळू नका, बोलू नका, जरा असेच पडून राहा." मी थांबले. माझा खांदा भरून आला, बोटं सुन्न व्हायला लागली. तीन मिनिटं, चार. चौथ्या मिनिटाशी माझा हात आपोआप उचलला जाऊ पाहत होता आणि मला कळलं की सोमवारी तो इथेच उचलला गेला असणार. मी तो तिथेच ठेवला. कोन बदलला, केसभर. आणि थराच्या मागच्या बाजूला, काळ्यात, एक लाल ठिपका लागला, विझला, परत लागला. मी त्याच्या मागे वर सरकले. ठिपक्यांची ओळ झाली. आवाज चालू केला. जोराच्या धमनीचा असतो तसा फटकारा नव्हे. कुणीतरी शेजारच्या खोलीत श्वास घेत असावं इतकाच आवाज, पण हृदयाच्या तालावर, न चुकता. काकांनी डोळे उघडून विचारलं, "हे माझं?" मी म्हटलं, "तुमचं." नंतर कानशिलाच्या पातळ हाडातून मेंदूतल्या धमनीवर प्रोब धरला. उजव्या बाजूचं रक्त वळसा घालून डावीकडे येत होतं, म्हणून हा माणूस अजून चालत बोलत होता. मी चित्रं साठवत गेले. सव्वीस झाली.

चुंबकांना मी फोनवर एवढंच सांगितलं, "औषध टोचून एमआरआय करा, आत्ता. आणि माझं काय आलं ते विचारू नका." ते "पाठवा" म्हणाले. अर्ध्या तासाने स्वतःच वर आले. जिना चढून आले होते, धाप लागली होती. "आहे," म्हणाले. "दोऱ्याएवढी आहे, पण शेवटपर्यंत जाते." त्यांच्या चेहऱ्यावरचा नेहमीचा हसरेपणा कुठे ठेवायचा हे त्यांना समजत नव्हतं. सर्जनांशी त्यांचं बोलणं झालं होतं. धोका आहे, पण काल परत झटका आल्यावर थांबण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी पहिली केस म्हणून घेतो, असं सर्जन म्हणाले होते. मग चुंबक दार लोटून आवाज उतरवून म्हणाले, "मी माझ्या चौकटीत लिहिलंय, मधल्या काळात धमनी पुन्हा उघडलेली दिसते. असं होतं कधी कधी. तुम्हीही तसंच लिहा. खोटंही नाही म्हणता येणार." मी म्हटलं, "शंभरात एखादी." ते म्हणाले, "मग ही ती." आणि लगेच, "मॅडम, माझी मुलगी यंदा शिकायला बाहेर चाललीय. चौकशी लागली की दोघांची लागते." मला त्यांचा राग आला नाही. त्या वाक्याला मी आत कुठेतरी दुपारपासून जागा करून ठेवली होती, त्यांनी फक्त ते आणून दिलं.

तोवर काका एमआरआयहून परत आले होते आणि माझ्या खोलीत पलंगावर बसून शर्टाची बटणं लावत होते. उजव्या हाताने, सावकाश. काकू मदतीला सरसावल्या तर त्यांनी कोपराने बाजूला केलं. मी स्टुलावर बसले आणि सांगितलं की धमनी पूर्ण बंद नाही, अगदी बारीक वाट आहे, उद्या सकाळी ऑपरेशन करून ती साफ करता येईल, आज इथेच राहायचं. काकूंनी दोन्ही हात छातीशी नेले. "म्हणजे उघडली! चार दिवसांत उघडली?" त्यांनीच विचारलं, त्यांच्याच तोंडाने. मला फक्त मान हलवायची होती. चुंबक दारात उभे होते. त्या क्षणी मला कुठला मोठा विचार सुचला नाही. एवढंच दिसलं की काका माझ्याकडे नीट, डोळे रोखून बघतायत, कोटाचा खांदा बघितला होता तसंच. "नाही," मी म्हटलं. "सोमवारीही ती उघडीच होती. मला दिसली नाही." काकूंचे हात खाली आले. "मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं," त्या नवऱ्याला नव्हे, मलाही नव्हे, मधल्या जागेला म्हणाल्या, "तपासणी फार लवकर आटपली म्हणून." चुंबक दारातून दिसेनासे झाले.

काकांनी शेवटचं बटण लावलं, कॉलर सारखी केली. मग म्हणाले, "अकरा जणांची कापडं परत केली मी." मला आधी कळलंच नाही. "बुधवारी घरी गेल्या गेल्या. मापं घेतलेली, कापायचीच बाकी होती. एकेकाला बोलावून हातात दिली. म्हटलं, डोक्याकडे जाणारी नस बंद झाली, आता ह्या हाताचा भरवसा नाही, दुसरीकडे टाका. एकाचा लग्नाचा कोट होता." काकू म्हणाल्या, "असू दे हो, जीव वाचतोय तुमचा." "वाचू दे की. पण उद्या ह्यांनी नस साफ केली, आणि मी त्यांच्या दारात उभा राहिलो, की द्या हो कापड परत, तर काय म्हणतील? म्हातारा आज एक बोलतो, उद्या एक." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही आत्ता जे बोललात ते लिहून द्या. त्या पहिल्या कागदासारखं, शिक्क्यासकट. तो कागद मी सगळ्यांना दाखवलाय. आता हा दाखवीन."

मी पान उघडलं. वर चुंबकांची चौकट होती, 'पुन्हा उघडलेली दिसते', आणि खाली माझी, रिकामी. मी वरचं वाचलं, कारण न वाचणं शक्यच नव्हतं. मग खाली लिहिलं, डावी आतली धमनी अतिशय अरुंद, परंतु उघडी. सोमवारच्या अहवालातील निष्कर्ष चुकीचा होता. त्या दिवशीची तपासणी अपुरी होती. दोन प्रती छापून सही केली, शिक्का मारला, एक सर्जनांसाठी ठेवली आणि एक काकांच्या हातात दिली. मला हलकं वाटलं, इतकं की मी जवळजवळ हसले. त्यांनी कागद लांब धरून, ओळीखाली बोट फिरवत, पूर्ण वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"तपासणी अपुरी होती, म्हणजे?"

"म्हणजे जेवढी करायला हवी होती तेवढी झाली नाही."

"कुणी केली नाही?"

काकू म्हणाल्या, "जाऊ दे ना हो." त्यांनी ऐकलं नाही. रागावलेही नव्हते, एखाद्याची बाही वितभर आखूड झाली आणि ती कापली कुणी एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असावं. "लोकांना वाटेल यंत्र बिघडलं होतं," ते म्हणाले. "मग ह्या कागदावरही कोण विश्वास ठेवणार?"

मी कागद परत मागितला. त्यांनी दिला. शेवटच्या ओळीवर काट मारून मी हाताने लिहिलं, त्या दिवशी मी आधी दुसऱ्यांचे चित्र पाहिले आणि स्वतः नीट पाहिले नाही. अक्षर थोडं वाकडं आलं. खाली पुन्हा सही केली, या वेळी पूर्ण नावाने, आणि सर्जनांची प्रत उचलून तिच्यावरही तेच लिहायला घेतलं.